क्लेमेंटचा उजवा हात

डेरिक मिस्किटानं पहिला दात पाडला तो बोरिवलीच्या कला-मेळ्यात, अकरा वर्षांपूर्वी, आणि दात एका गिऱ्हाइकाचा होता. त्या गृहस्थांनी चूक अशी केली, की ओल्या चित्रावरून बोट फिरवलं, ते बोट स्टॉलच्या पडद्याला पुसलं आणि विचारलं, "आमचा सोफा हिरवा आहे, हेच हिरव्यात मिळेल का?" दुसरा कोणी असता तर दात विचकून "बघतो साहेब" म्हणाला असता. डेरिकनं त्यांची कॉलर धरून जवळ ओढलं आणि तोंडावर असा ठोसा हाणला, की दात आणि चष्मा दोन्ही गवतात. नंतर कळलं, गृहस्थ मेळ्याच्या अध्यक्षांचे साडू. झालं, वाट लागली. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, पार्ले, जिथे जिथे मैदानात मांडव घालून चित्रं विकतात, तिथल्या सगळ्या याद्यांमध्ये डेरिकच्या नावावर फुली पडली.

आता या मेळ्यांचा एक नियम असतो. स्टॉल मिळतो तो चित्रकारालाच. दलाल नको, दुकानदार नको, चित्रकारानं स्वतः उभं राहायचं. म्हणून पुढच्या वर्षी फॉर्म भरला तो डेरिकच्या मोठ्या भावानं, क्लेमेंटनं, स्वतःच्या नावानं. मग चित्रांखाली सहीसुद्धा क्लेमेंटचीच आली, कारण फॉर्मवर एक आणि चित्रावर दुसरं, असं चालणार कसं? "दोन वर्षं थांब रे," क्लेमेंट म्हणाला होता, "लोक विसरले की तुझं नाव लावू." दोनाची अकरा झाली. लोक विसरले, क्लेमेंटसुद्धा विसरला.

हा क्लेमेंट पन्नाशी उलटलेला, पांढऱ्या केसांचा, मऊ बोलणारा. शाळेत त्यानं काढलेली गाय मास्तरांना खुर्ची वाटली होती, असं त्यांची आई ल्युसी अजून सांगते. पण जीभ अशी, की तीन दिवसांचा बोंबील ताजा म्हणून गळ्यात मारेल. चित्रं डेरिकची. मरोळच्या गावठाणातल्या घरात, माळ्यावर बसून तो काढायचा आणि काढायचा ती फक्त भांडणं. नळावर एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या बाया, लग्नाच्या मांडवात एकमेकांच्या उरावर बसलेले व्याही, कुंपणावरून काठ्या काढलेले शेजारी. ब्रश त्याला चालत नसे. रंगाची पातळ सुरी घेऊन तो कॅनव्हासवर रंग असा थापायचा, की खाली स्वयंपाकघरात ल्युसीला वाटावं, वर कोणी कोणाला बडवतंय.

पार्ल्याच्या बायका क्लेमेंटला विचारायच्या, "एवढे शांत तुम्ही, आणि चित्रांत हा राग कुठून आणता हो?" क्लेमेंट डोळे मिटून म्हणायचा, "आतून येतो, वहिनी." आतून कुठला, माळ्यावरून यायचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. आणि डेरिक स्टॉलच्या मागे उभा राहून बांबूला सुतळी बांधत हे ऐकायचा. लोक त्याला क्लेमेंटसरांचा माणूस म्हणून ओळखत. एका बाईंनी तर त्याला गाडीपर्यंत चित्र वाहून न्यायला लावलं आणि हातावर वीस रुपये ठेवले. चित्र त्याचंच होतं.

यंदा नाताळात मात्र डेरिकचं डोकं फिरलं. जेवताना त्यानं ताट भिंतीवर फेकलं, पोर्कची करी कॅलेंडरवरून ओघळली, आणि तो म्हणाला, पार्ल्याच्या मेळ्यात माझं नाव लागलं नाही तर माळ्यावरून एक चित्र खाली येणार नाही. सगळी जाळून टाकीन. ल्युसी रडायला लागली. क्लेमेंटनं तिच्या गळ्याची शप्पथ घेतली. पार्ल्यात समितीला मी स्वतः सांगतो, म्हणाला. दीड महिना डेरिक खाली उतरला नाही. सहा फुटी कॅनव्हासवर त्यानं वाकोल्याच्या नाक्यावरची एक मारामारी काढली. टेम्पोवाला रिक्षावाल्याला चिरडलेल्या पालेभाजीत लोळवतोय, आणि रिक्षावाल्यानं त्याच्या मनगटात दात रुतवलेत. खाली उजव्या कोपऱ्यात, लाल रंगात, अकरा वर्षांनी त्यानं लिहिलं, डेरिक.

शुक्रवारी मेळा सुरू झाला. क्लेमेंट म्हणाला, आज गर्दी आहे, उद्या सांगतो. शनिवारी म्हणाला, अध्यक्ष आले नाहीत. रविवारी दुपारी समितीच्या सेक्रेटरी रेवतीताई स्वतःच स्टॉलवर आल्या. बाई सज्जन, कडक साडी, गळ्यात ओळखपत्र, शब्दाच्या पक्क्या.

"क्लेमेंटसर, गोड बातमी आहे," त्या म्हणाल्या. "यंदाचा विशेष कलाकार म्हणून समितीनं तुम्हाला निवडलंय. संध्याकाळी पाच वाजता स्टेजवर या. सत्कार करू आणि तुम्ही सगळ्यांसमोर एक चित्र काढायचं. कॅनव्हास, रंग, सुऱ्या, सगळं आणून ठेवलंय."

क्लेमेंटचा चेहरा चुन्यासारखा झाला. पण हसला तो. "नक्की, ताई," म्हणाला.

मागे उभ्या असलेल्या डेरिकला, खरं सांगायचं तर, आनंद झाला. बाबाची आता बरी जिरली. गाय काढताना खुर्ची होते, स्टेजवर काय काढणार, डोंबल? आता सांगण्यावाचून इलाज नाही. त्या आनंदात तो गेटाबाहेर गेला, उभ्या उभ्या दोन वडापाव खाल्ले, भावासाठी चहासुद्धा घेतला. परत येऊन बघतो तर मोठ्या चित्रासमोर ही गर्दी, आणि खालच्या कोपऱ्यात त्याच्या नावावर काळा रंग फासलेला. रंग नीट फासतासुद्धा आला नव्हता. त्यावर पांढऱ्यात लिहिलं होतं, क्लेमेंट.

डेरिकनं हातातला चहा खाली ठेवला. मग क्लेमेंटचा दंड धरला आणि त्याला पडद्यामागे ओढत नेला. तिथे पडदा आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये रिकामी खोकी, तुटक्या फ्रेमा आणि अवजारं टाकलेली होती. स्टेजवरून माइकवाला "हॅलो, चेक, चेक" करत होता, त्यामुळे इथलं तिथे काही ऐकू जाणार नव्हतं.

"माझं नाव कुठाय?" डेरिकनं विचारलं.

"हळू बोल. लोक आहेत."

"नाव कुठाय माझं?"

"ऐक तर. आता हे फुटलं ना, तर दोघं गेलो. अकरा वर्षं लोकांना उल्लू बनवलं म्हणून केस टाकतील. पेपरात फोटो येईल. मम्मा जीव देईल, यार. आजचा दिवस जाऊ दे, मी ताप आलाय म्हणून सांगतो."

"मी चढतो स्टेजवर. तू फक्त सांग, हा काढतो म्हणून."

"तू?" क्लेमेंट म्हणाला, आणि त्याच्या त्या मऊ आवाजात पहिल्यांदाच काहीतरी वाकडं आलं. "तुला गेटातून आत सोडतात ना, ते माझा हमाल म्हणून."

डेरिकनं डोकं मागे घेतलं आणि कपाळ भावाच्या नाकावर हाणलं. नाक मोडल्याचा आवाज त्याला स्वतःच्या कवटीतून ऐकू आला. क्लेमेंट खोक्यांवर कोसळला, पण तोही मिस्किटाच, शेवटी रक्त एकच. पडल्या पडल्या त्यानं तुटक्या फ्रेमेचा तुकडा उचलून डेरिकच्या गालावर मारला, खिळा वर असलेल्या बाजूनं, आणि खिळा कानापासून हनुवटीपर्यंत फाडत आला. डेरिकनं त्याच्या पोटात गुडघा घातला. क्लेमेंटनं त्याच्या खांद्याचा लचका तोडला. दोघं भिंतीवर आपटले, तिथून मातीत लोळले. एकाच्या तोंडात दुसऱ्याचं रक्त. डेरिकनं त्याचं डोकं केसांनी धरून जमिनीवर आपटलं, एकदा, दोनदा, आणि प्रत्येक वेळी विचारलं, "नाव कुठाय? नाव कुठाय?" अकरा वर्षांचं साचलेलं होतं ते. त्याला बरं वाटत होतं, हे लपवण्यात काय अर्थ आहे? चांगलं चित्र जमायला लागलं की हात आपोआप पळतो, तसा त्याचा हात पळत होता.

मग त्याला धाप लागली आणि तो बाजूला झाला. क्लेमेंट सरपटत उठून बसला. नाकातून रक्ताची धार लागलेली, एक डोळा बंद होत आलेला. थोडा वेळ तो स्टेजच्या दिशेनं बघत राहिला. तिकडे रेवतीताईंचा आवाज लागला होता, "थोड्याच वेळात आपले लाडके कलाकार क्लेमेंट मिस्किटा..." वगैरे. मग क्लेमेंटनं समोरच्या खोक्याच्या फळीवर हात ठेवला. पंजा उघडा, बोटं फाकलेली.

"मार ना," तो म्हणाला. "तुला दुसरं येतं काय? बोरिवलीला दात, इथे हात. मार. तुझं नाव असंच होणार, डेरिक. गुंड म्हणून."

बांबू ठोकायचा हातोडा पायाशीच पडला होता. डेरिकनं उचलला आणि हाणला. पहिल्या घावाला हाडं वाजली. दुसऱ्याला वाजली नाहीत, वाजण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिसरा घाव फळीवर बसला आणि फळी चिरली. क्लेमेंट असा ओरडला, की माइकवाला गप्प झाला आणि अख्खं मैदान इकडे वळलं.

पडदा बाजूला झाला. समोर रेवतीताई, त्यांच्यामागे पन्नास माणसं. त्यांनी डेरिकच्या हातातला हातोडा पाहिला, मग फळीवरचा तो लाल लगदा पाहिला.

"सरांचा हात," एवढंच त्या म्हणाल्या.

पार्ल्याची माणसं हात उचलत नाहीत असं म्हणतात. त्या दिवशी उचलले. मांडववाल्यांनी बांबू घेतले, बाजूच्या स्टॉलवाल्यानं फ्रेमच घातली डोक्यात, आणि एका निवृत्त मास्तरांनी चप्पल काढून डेरिकच्या तोंडावर मोजून मारल्यासारख्या मारल्या. "कलाकाराचा हात मोडतोस?" ते दर चपलेला म्हणत होते. "कलाकाराचा हात?" डेरिक खाली पडला. एक बूट बरगडीत बसला, दुसरा कानशिलात. मातीत तोंड खुपसलेलं असताना तो ओरडत होता, कलाकार मी आहे, मी आहे रे कलाकार. लोकांना वाटलं, शिव्या देतोय. त्यांनी आणखी मारलं.

रात्री आठ वाजता तो पोलीस स्टेशनच्या बाकावर होता. गालाला टाके नव्हते, नुसता कापूस दाबून दिलेला. श्वास घेतला की बरगडीत कळ यायची. सब-इन्स्पेक्टर मेढेकर समोर बसून कोणाशी तरी फोनवर बोलत होता. तिथे बसल्या बसल्या डेरिकच्या डोळ्यांसमोर तो हात परत परत यायला लागला. मारामारीत माणूस हात मागे घेतो. क्लेमेंटनं फळीवर ठेवला. घाव बसायच्या आधीच तोंड फिरवून डोळे मिटले. आणि जेवतो डाव्या हातानं, दाढी करतो डाव्या हातानं, गल्लीत बॅट धरायचा तीही डाव्या. पुढे केला तो उजवा.

डेरिकला ओकारी आली. कोपऱ्यातल्या बादलीत त्यानं रक्त आणि वडापाव ओकून टाकला.

"साहेब, त्यानं मुद्दाम मोडून घेतला हात," तो तोंड पुसत म्हणाला. "त्याला चित्र येत नाही. पाच वाजता पकडला गेला असता. चित्रं मी काढतो. तो डावखुरा आहे, साहेब, आणि मोडून घेतला उजवा."

"माझा भाचा बॅटिंग डावी करतो आणि बोलिंग उजवी," मेढेकर म्हणाला. "गप बस. जबाब लिहितोय."

"कागद द्या मला. दोन मिनिटं. आत्ता काढून दाखवतो."

मेढेकर माणूस वाईट नव्हता. आणि एवढं फुटलेलं तोंड घेऊन कोणी कागद मागतोय, ह्याची त्याला गंमतही वाटली असेल. त्यानं एक कोरा फॉर्म उलटा करून दिला, वर बॉलपेन. डेरिकची बोटं सुजली होती. पण पेन टेकलं आणि हात चालायला लागला. खालून, मातीत पडलेल्या माणसाच्या डोळ्यांनी त्यानं काढलं. वर उगारलेले बांबू, चपलेचा तळवा, मास्तरांच्या गळ्याची ताणलेली शीर, मागे उघडं तोंड घेऊन बघणारी माणसं. दोन हवालदार येऊन पाठीमागे उभे राहिले. मेढेकरनं चहाचा ग्लास खाली ठेवला. "च्यायला," तो हळूच म्हणाला.

आता झालं, असं डेरिकला वाटलं. आता बघितलं ह्यांनी.

तेवढ्यात क्लेमेंट आला. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, नाकावर पट्टी, आणि दुसऱ्या बाजूनं रेवतीताईंनी धरलेलं. त्यांचे डोळे रडून सुजले होते. त्यांनी सांगितलं, स्टॉलवरचं एकूण एक चित्र तासाभरात गेलं, लोक रांग लावून उभे होते. मोठं चित्र समितीनंच ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, हा हात आता सुरी धरणार नाही. तर सर काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, डाव्या हातानं शिकेन. सांगताना ताईंना परत रडू फुटलं. क्लेमेंट मान खाली घालून उभा. सुंठीवाचून खोकला गेला होता आणि पुढच्या चित्रांची सोयसुद्धा झाली होती.

"मला तक्रार करायची नाही, साहेब," तो म्हणाला. "भाऊ आहे माझा."

"तो म्हणतो, चित्रं तो काढतो," मेढेकरनं कागद पुढे केला. "हे बघा. आत्ता माझ्यासमोर काढलंय."

रेवतीताईंनी कागद दिव्याखाली धरला. बराच वेळ बघितला. डेरिक त्यांच्या तोंडाकडे बघत होता. आयुष्यात इतकं त्यानं चर्चमध्ये सुद्धा कोणाकडे बघितलं नसेल.

"सरांचीच रेघ आहे," त्या म्हणाल्या. "हुबेहूब. इतकी वर्षं सरांच्या पाठीशी उभा राहून बघत असणार ना हा. असं होतं हो. शेजारी एवढा मोठा माणूस असला, की माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो."

"मीच शिकवलं त्याला," क्लेमेंट म्हणाला.

डेरिक उठला. हवालदारांनी दोन्ही बाजूंनी त्याचे दंड पकडले. एकानं मान टेबलावर दाबली, गालाची जखम उघडली, कागदावर रक्त पडलं. तो तसाच, गाल टेबलाला लागलेला, ओरडला, "माझ्या आईला फोन करा. ती खोटं बोलत नाही. रोज चर्चमध्ये मिसाला जाते. तिला विचारा, माळ्यावर कोण बसतं."

मेढेकरनं क्लेमेंटकडे बघितलं. क्लेमेंटचा उरलासुरला रंग गेला. पण नंबर त्यालाच द्यावा लागला. मेढेकरनं फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"ल्युसी मिस्किटा? पोलीस स्टेशनमधून बोलतोय. घाबरू नका, दोन्ही मुलं इथे आहेत. धाकट्यानं मोठ्याचा हात मोडलाय. धाकटा म्हणतो, चित्रं तो काढतो आणि मोठा लोकांना फसवतो. तसं असेल तर मोठ्यावर फसवणुकीचा गुन्हा लागेल, आणि मग मारहाणीचं प्रकरणही मला सोडता येणार नाही. मोठ्याची तक्रार नाही म्हणून विचारतोय. तुम्ही खरं सांगा. तुमच्या घरात चित्रं कोण काढतं?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"क्लेमेंट," ल्युसी म्हणाली. "क्लेमेंट काढतो, साहेब. लहान होता तेव्हापासून. धाकटा रागीट आहे, पण वाईट नाही. सोडा त्याला."

हवालदारानं डेरिकच्या मानेवरचा हात काढला. डेरिक सरळ झाला. त्यानं फोन मागितला. मेढेकरनं स्पीकर बंद करून दिला.

"मम्मा," तो म्हणाला.

"तुझ्या सुरीचा आवाज मी अकरा वर्षं डोक्यावर ऐकतेय," ल्युसी त्याच्या कानात म्हणाली. ती रडत नव्हती. "मला सांगू नको कोण काढतं ते. मला दोन्ही पोरं घरी पाहिजेत. तुला काय पाहिजे ते तू बघ."

डेरिकनं फोन मेढेकरच्या हातात दिला. क्लेमेंट भिंतीकडे बघत होता. रेवतीताई पर्समधून रुमाल काढून, कागदावरचं रक्त टिपून चित्र वाचतंय का ते बघत होत्या.

"काय लिहू मग?" मेढेकरनं पेन उचललं.

"लिहा," डेरिक म्हणाला. "चित्रं क्लेमेंट काढतो."